नंबर बँकेचा, बोलणारा भलताच

मागच्या अंकात ओटीपीवर लिहिलं आणि त्यावर आलेल्या बऱ्याचशा पत्रांचं रडगाणं एकच, की नंबर खरा दिसत होता, नाव खरं दिसत होतं, मग आम्ही फसलो कसे. म्हणून या वेळी सगळे प्रश्न स्पूफिंगचेच घेतलेत, म्हणजे भलत्याच्या नावाने, भलत्याच्या नंबरावरून बोलतोय असं भासवून समोरच्याला गंडवायचं. पत्रं थोडी कापलीत, आणि नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : बाबांना बँकेतून फोन आला, कार्ड ब्लॉक होतंय म्हणून. बाबा तसे पक्के, त्यांनी डेबिट कार्ड उलटं करून मागचा नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळवून बघितला, सेम. म्हणून विश्वास ठेवून ओटीपी सांगितला आणि पैसे गेले. आता भाऊ त्यांनाच बोलतोय. बँकेचाच कुणी आतला माणूस असणार ना? – एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, आधी भावाला सांगा बाबांना बोलणं बंद कर. त्यांनी नंबर जुळवून बघितला, इतकंसुद्धा बहुतेक लोक करत नाहीत. आणि आतला माणूस असायची काही गरज नाही.

फोन लागतो तेव्हा "कुणाला लावायचा" हा नंबर जसा पुढे जातो तसाच "कोण लावतोय" हा नंबरही त्याच्यासोबत जातो, आणि हा दुसरा नंबर लावणाऱ्याच्या बाजूने भरलेला असतो. साध्या मोबाइलवरून लावला तर तो मोबाइल कंपनी भरते, आपल्या हातात काही नसतं. पण ज्या ऑफिसचं स्वतःचं एक्स्चेंज असतं, किंवा इंटरनेटवरून कॉल जातात, तिथे तो नंबर त्यांच्या मशीनमध्ये सेट करता येतो. याचा सरळ उपयोगही आहे, ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरमध्ये शेकडो पोरं बसलेली असतात पण ग्राहकाला कंपनीचा एकच नंबर दिसायला हवा, म्हणून तर ही सोय. ज्या टेलिकॉम कंपनीतून कॉल निघतो तिने हा नंबर खरंच या ग्राहकाचा आहे का हे तपासायचं असतं. परदेशातली एखादी फुटकळ कंपनी ते तपासत नाही, कॉल पुढे ढकलते, पुढची कंपनी आधीचीवर विश्वास ठेवते, आणि असं करत करत तो नंबर बाबांच्या स्क्रीनवर येतो. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकावर मंडळाचं नाव छापलेलं असतं, पण प्रेसमध्ये जाऊन ते कुणीही छापून आणू शकतो, तसं आहे हे.

आपल्याकडे यावर उपाय झालाय पण अर्धा. परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबर दाखवत असेल तर तो दारातच अडवायची यंत्रणा दूरसंचार खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, आणि पहिल्या २४ तासांत साधारण १.३५ कोटी कॉल अडवले असं सरकारनेच सांगितलं. अमेरिकेत तर जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना कॉलसोबत नंबराची डिजिटल सही पाठवावी लागते. तरी फटी राहतातच.

मग करायचं काय? बोलणं तोडायचं, फोन ठेवायचा, आणि कार्डामागचा तोच नंबर आपण स्वतः डायल करायचा. गंमत बघा, चोर तो नंबर दाखवू शकतो पण त्या नंबरावर येणारा फोन उचलू शकत नाही, तो खऱ्या बँकेतच वाजतो. आणि टोल फ्री नंबर मुळात आपण लावण्यासाठी असतो, तिथून आपल्याला फोन आला हेच खटकायला हवं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करा आणि जाहिरातीचे १४० वरून. हे चांगलंय, पण म्हणून १६०० दिसला की ओटीपी सांगायचा असं नाही, ओटीपी कुणालाच नाही.

गेलेल्या पैशांचं म्हणाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली नसेल तर हे वाचता वाचता करा, आणि बँकेलाही लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार नंबर कागदावर हवा.

प्रश्न : माझं उलटंच झालंय. आठवडाभर मला अनोळखी लोकांचे फोन येतायत, "लोनसाठी सारखा फोन का करतोस" म्हणून शिव्या घालतात. मी कुणालाच फोन केलेला नाही. मोबाइल हॅक झालाय का, फॉरमॅट मारू का? – कळवा

उत्तर : फॉरमॅट मारून काही होणार नाही, फोटो मात्र जातील. कुणीतरी तुमचा नंबर पुढे करून लोकांना फोन लावतोय आणि चिडलेले लोक परत फोन लावतात ते तुमच्याकडे वाजतात. तुमच्या कॉल लॉगमध्ये आणि कंपनीच्या बिलात ते कॉल नसतील, तेवढं बघून घ्या. मग संचार साथी या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवर दोन कामं करा, एक म्हणजे तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा, आणि दुसरं, तिथेच संशयित कॉल-मेसेज कळवायची चक्षू म्हणून सोय आहे तिथे तक्रार टाका. शिव्या घालणाऱ्याला शांतपणे सांगा, की दादा, माझा नंबर कुणीतरी वापरतोय, तुम्हीही तक्रार करा. असे लोक सहसा एका नंबरावर फार दिवस राहत नाहीत, नंबर बदलून पुढे जातात.

प्रश्न : गावदेवी मार्केटजवळ माझं कपड्यांचं दुकान आहे. गर्दीच्या वेळी एक जण २,४५० चा माल घेऊन गेला, पैसे टाकले म्हणाला, माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज पण आला "खात्यात जमा". रात्री हिशोबाला बसलो तर जमा काही नाही. बँकेच्या नावाने मेसेज कसा काय येतो? – नौपाडा, ठाणे

उत्तर : तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. मजकूर अगदी बँकेसारखा, खात्याचे शेवटचे चार आकडेसुद्धा आहेत (ते तुमच्या जुन्या बिलावर किंवा चेकवर कुणीही बघू शकतो), पण मेसेज आलाय दहा आकडी मोबाइल नंबरावरून. बँकेचं नाव फक्त मजकुरात आहे, पाठवणाऱ्याच्या जागी नाही. म्हणजे हे खरं स्पूफिंगसुद्धा नाही, नुसता टाइप केलेला मेसेज, गल्ल्यावर गर्दी असताना वर कोण बघतो!

खऱ्या मेसेजला हेडर असतं. पुढे दोन अक्षरं टेलिकॉम कंपनीची आणि सर्कलची, मग डॅश, मग संस्थेचं नाव, जसं महावितरणचं व्हीएम-एमएसईडीसीएल. ही हेडरं नोंदवलेली असतात, दुसऱ्या कुणाला कंपनीच्या मार्गाने ती वापरता येत नाहीत. २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर लागतं, जाहिरात असेल तर पी, सेवेचा मेसेज एस, व्यवहाराचा टी, सरकारी जी. त्यामुळे "आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या ऑफिसरला फोन करा" असा मेसेज साध्या मोबाइल नंबरावरून आला की तो महावितरणचा नाही, संपला विषय.

आता जरा वाईट बातमी. हेडर बरोबर असलेला खोटा मेसेजही येऊ शकतो. काही टोळ्या बॅगेत किंवा गाडीत मावेल एवढं मशीन घेऊन फिरतात, ते स्वतःच मोबाइल टॉवर असल्याचं भासवतं आणि आजूबाजूच्या फोनना टूजीवर खेचून वाट्टेल त्या नावाने मेसेज सोडतं. टूजी बनवताना टॉवरने फोनची ओळख तपासायची असं ठरलं, पण फोनने टॉवरची तपासायची हे ठेवलंच नाही, थ्रीजीपासून ती दोन्हीकडून होते. असा मेसेज टेलिकॉम कंपनीतून येतच नाही, त्यामुळे तिचा फिल्टर लागत नाही, आणि तुमचा फोन तो बँकेच्या जुन्या खऱ्या मेसेजांच्या खाली नेऊन ठेवतो. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये टूजी बंद करायचं बटण आहे, सापडलं तर बंद करून टाका.

दुकानापुरतं सांगायचं तर मेसेजवर माल सोडायचा नाही, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरच्या हिरव्या टिकवर तर अजिबात नाही. साउंडबॉक्स बोलला किंवा तुमच्या स्वतःच्या ॲपमध्ये एंट्री दिसली तरच. आणि सकाळी दुकान उघडलं की काउंटरवरचा क्यूआर स्वतः स्कॅन करून नाव बघा, त्यावर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवून जाणारेही आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं लिफ्टचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे. कॉन्ट्रॅक्टरचा मेल आला की जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचे १,८६,००० नवीन खात्यात टाका. लेटरहेडवर पीडीएफ, खाली आमचा आधीचा सगळा पत्रव्यवहार, मेल आयडी पण त्यांचाच. ट्रेझररने पैसे पाठवले. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मी मेल पाठवलाच नाही, आणि कमिटीत दोन मेंबर म्हणतायत की सेक्रेटरी सामील आहे. सेक्रेटरी मीच. – खारघर

उत्तर : तुमच्यावर आळ आलाय म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, आणि आधी एक गोष्ट, तो मेल कुणालाही फॉरवर्ड करत बसू नका. फॉरवर्ड केला की वरची खरी माहिती गळून पडते. कॉम्प्युटरवर उघडून तो फाइल म्हणून डाउनलोड करा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा, पोलिसांना तोच लागेल.

ईमेलची मूळ पद्धत १९८२ ची आहे. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संस्था होत्या, एकमेकांना ओळखणारे लोक, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "प्रेषक" या जागी काय लिहायचं ते पाठवणारा ठरवतो, आजही. नंतर त्यावर तीन ठिगळं लावली. एसपीएफ सांगतं की या डोमेनचे (मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचे) मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतात, डीकिम म्हणजे मेलवर डोमेनची डिजिटल सही, आणि डीमार्क सांगतं की या दोन्हींतलं काहीच प्रेषकाच्या डोमेनशी जुळलं नाही तर मेल घेणाऱ्याने काय करायचं, सोडायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परत लावायचा. गोची इथेच आहे, कारण हे सगळं डोमेनच्या मालकाने लावायचं असतं. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सक्ती केली, पण तुमचा लिफ्टवाला महिन्याला शंभर मेल पाठवत असेल, त्याची वेबसाइट कुणा भाच्याने करून दिलेली असते आणि डीमार्क म्हणजे काय ते त्याला आजतागायत कुणी सांगितलेलं नसतं.

आता तुमचा मेल. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडे तीन ठिपके, त्यात "शो ओरिजिनल". वरती एक छोटा तक्ता दिसेल, एसपीएफ, डीकिम, डीमार्क, आणि पुढे पास की फेल. फेल असेल तर कुणीतरी बाहेरून नाव वापरलं. पास असेल तर पत्ता अक्षर-अक्षर वाचा, कारण इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले की छोट्या स्क्रीनवर एम दिसतो, आणि अशा जवळजवळ सारख्या नावाचं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो, त्यावर तीनही तपासण्या व्यवस्थित पास होतात कारण ते डोमेन खरंच चोराचं असतं. "रिप्लाय टू" मध्ये वेगळा पत्ता आहे का तेही बघा.

पण मला तिसरीच शंका आहे. खाली तुमचा जुना पत्रव्यवहार होता म्हणालात ना, तो बाहेरच्याला कुठून मिळणार? याचा अर्थ कॉन्ट्रॅक्टरचा किंवा सोसायटीचा मेलबॉक्स कुणीतरी आधीच उघडून वाचतोय. सोसायटीचा पासवर्ड किती जणांकडे आहे? आधीच्या कमिटीकडे, मॅनेजरकडे, ऑडिटरच्या ऑफिसातल्या पोराकडे, असंच असणार. अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये कुठल्या डिव्हाइसवरून लॉगिन झालंय ते बघा, आणि सेटिंगमध्ये कुणी गुपचूप फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून ठेवलंय का ते तपासा, हे नक्की बघा, चोरांची ती आवडती जागा. त्या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले की मगच पासवर्ड बदला आणि टू-स्टेप लावा. हे सगळं कमिटीसमोर, प्रोजेक्टरवर, सगळ्यांना दाखवून करा. तक्ता आणि लॉगिनची यादी तुमच्यापेक्षा चांगली बाजू मांडेल. १९३० आणि बँक हे तर आधी, पैसे पुढच्या खात्यातून निघाले नसतील तर अडकवता येतात.

आणि यापुढे खातं बदललं असं मेलने कळलं की त्या मेलमधल्या नंबरावर नाही, तर जुन्या बिलावरच्या नंबरावर फोन करून विचारायचं. असा ठरावच करून टाका.

प्रश्न : साइटवर कुलूप दिसलं की साइट खरी, हे बरोबर ना? – घणसोली

उत्तर : नाही. कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं कुणी ऐकत नाहीये. साइट चोराची असेल तर चोराशी सुरक्षित बोलणं चाललंय! लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून ॲपलच्या नावाचं डोमेन घेऊन दाखवलं होतं, डोळ्यांना फरक कळत नव्हता. बँकांसाठी आता एक बरी खूण आहे, रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं होतं आणि हे डोमेन कुणालाही विकत मिळत नाही. शेवट तोच आहे का बघा, नुसतं मधे कुठेतरी "बँक" असून चालत नाही.

प्रश्न : सर मी इंजिनीअरिंगला आहे, आयपी स्पूफिंग करून आपण कोण आहे ते लपवून नेट वापरता येतं का? व्हीपीएन म्हणजे तेच का? – ऐरोली

उत्तर : दोन्हीला नाही. व्हीपीएनमध्ये सर्व्हरचा खरा पत्ता वापरला जातो, उत्तर तिथे येतं आणि तिथून तुझ्याकडे. आयपी स्पूफिंगमध्ये तू पाकिटावर, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर, पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता घातलास की उत्तर त्या खोट्या पत्त्यावर जातं, मग वेबसाइट उघडणार कशी? टीसीपीमध्ये, म्हणजे दोन कॉम्प्युटर जोडणी करतात त्या पद्धतीत, आधी दोन्हीकडून नंबरांची देवाणघेवाण होते, समोरून आलेला नंबर तुला दिसलाच नाही तर जोडणीच होत नाही. एके काळी तो नंबर अंदाजाने सांगता यायचा, २५ डिसेंबर १९९४ ला हॅकर केव्हिन मिटनिकच्या नावावर असलेला, सुरक्षातज्ज्ञ शिमोमुरांच्या कॉम्प्युटरवरचा हल्ला त्यावरच होता, नंतर ते नंबर रँडम केले.

मग आज हे कशाला वापरतात, तर उत्तर नकोच असतं तिथे. छोटा प्रश्न विचारायचा, पत्ता बळीचा घालायचा, आणि भलंमोठं उत्तर त्याच्या अंगावर सोडायचं. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहब या प्रोग्रॅमरांच्या साइटवर असाच मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या सर्व्हरांतून सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. खरं तर आपल्या नेटवर्कमधून खोट्या पत्त्याची पाकिटं बाहेर सोडू नका ही शिफारस २००० सालापासून आहे, पण ती पाळायचा खर्च माझा आणि फायदा दुसऱ्याचा, त्यामुळे सगळे पाळत नाहीत.

व्हायवासाठी एक गोष्ट डोक्यात ठेव. कॉलर आयडी, ईमेल, आयपी यांत नाव खोटं असतं पण परतीचा रस्ता खरा असतो, म्हणून आपण उलट फोन लावला की चोर उघडा पडतो. एआरपी (एकाच नेटवर्कवर कुठला पत्ता कुठल्या मशीनचा ते विचारायची पद्धत) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायची पद्धत) यांत रस्ताच खोटा होतो. हॉस्टेलच्या वायफायवर एखाद्याने "राउटर मीच" असं सांगितलं की सगळ्यांचं ट्रॅफिक त्याच्यामार्गे जातं, कारण एआरपीत विचारणा न करता आलेलं उत्तरही मानलं जातं. डीएनएसचं तसंच, प्रश्नाला ओळख नंबर असतो पण तो ६५,५३६ पैकी एक, आणि डॅन कॅमिन्स्कीने २००८ मध्ये दाखवलं की खोट्या उत्तरांचा भडिमार केला तर तो लवकरच जुळतो. म्हणून प्रश्न ज्या पोर्टवरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या ज्या दारातून, निघतो तेही रँडम केले. अशा वेळी उलट जाऊन तपासण्यात अर्थ नाही, तिथे साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेटच वाचवतं, त्यामुळे ब्राउझरची लाल वॉर्निंग "प्रोसीड" दाबून घालवू नकोस. आणि हे प्रयोग लॅबमध्ये, परवानगी घेऊन.

प्रश्न : माझी टॅक्सी आहे. माजिवड्याला पुलावर असलो तरी मॅप खालच्या रस्त्यावर दाखवतो. पेपरात विमानांच्या जीपीएस स्पूफिंगचं वाचलं, हे तेच का? – कोपरखैरणे

उत्तर : नाही हो, तिथे एकावर एक रस्ते आहेत, जीपीएसला उंचीचा अंदाज कच्चा, आणि टॉवरांवरून सिग्नल आपटून येतो. खऱ्या स्पूफिंगमध्ये कुणीतरी जमिनीवरून उपग्रहासारखाच पण जोरात सिग्नल सोडतो. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, सिग्नल अगदी अशक्त, आणि सर्वसामान्यांचा सिग्नल सही नसलेला, त्यामुळे रिसिव्हर फसतो. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टीमने मालकाच्या परवानगीने भूमध्य समुद्रात एक मोठी यॉट अशीच वाटेवरून हटवून दाखवली, स्क्रीनवर सगळं सरळ दिसत होतं. विमानांत दिशा-वेग मोजणारी स्वतंत्र यंत्रणा असते, उतरताना धावपट्टीचा रेडिओ सिग्नलही असतो, त्यामुळे वैमानिक एकट्या जीपीएसवर नसतात.

तुर्भ्याच्या टपरीवर चहा पीत पनवेलला हजेरी लावणारी सेल्सची पोरं करतात तो प्रकार वेगळा, ते फक्त स्वतःच्या फोनला फसवतात, आणि मॅनेजरला.

प्रश्न : मित्राच्या बायकोचा नंबर दाखवून मित्राला फोन करायचाय, नुसती मजा. ॲप सांगाल का? – नाव, गाव दिलेलं नाही

उत्तर : नाही. अशी ॲप बहुतेक वेळा आधी तुमचेच कॉन्टॅक्ट उचलतात. आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटर किंवा फोनवरून फसवणूक केली तर आयटी कायद्याच्या ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मित्राचा वाढदिवस असेल तर केक पाठवा.